हात घरातलाच पाहिजे

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर नातीने विचारलं, "आजी, तुझ्या मागे भिंतीवर ते लाल ठिपके कसले?" मी सांगितलं की एका माणसाने केलेल्या कोलाजचा तो एक भाग आहे; जुने फोटो आणि जुनी चित्रं संगणकावर जोडून एकच चित्र करतात, त्यातला. त्यावर नातू शेजारून, तोंडातला घास न गिळता म्हणाला, "हे तर आता ॲप दहा सेकंदांत करून देतं." मी गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

आज गुरुवार. चार दिवस झाले, राग उतरलेला नाही. राग उतरत नसेल तर तो लिहून काढावा, असं मी तीस वर्षं इंग्रजी शिकवताना मुलांना सांगत आले. म्हणून लिहिते आहे. तुमच्या आईकडून वाचून घ्या. ती कुठे अडली तर मला कळवा, तिच्या मराठीचं काय झालं ते मी तिला विचारीन.

त्या माणसाला सगळे 'ट्रेसर' म्हणत. अमळनेरकडून तरुणपणी सुरतेला आलेले आणि पांडेसऱ्यातल्या एका प्रिंटिंग मिलमध्ये ट्रेसर म्हणून लागलेले. साडीवर आठ रंगांचं डिझाइन छापायचं असेल तर ते आठ वेळा छापावं लागतं, प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी. त्या जाळीसाठी प्रत्येक रंग डिझाइनमधून वेगळा काढून पारदर्शक फिल्मवर हाताने उतरवायचा. एका फिल्मवर फक्त पिवळी फुलं, दुसरीवर फक्त हिरवी पानं, तिसरीवर फक्त लाल देठ. हे उतरवणारा तो ट्रेसर. ओल्या शाईला हात लागू नये म्हणून करंगळी दुमडून तिच्यावर पंजा तोलायचा. तीस-पस्तीस वर्षं असा तोलल्यामुळे त्यांची उजवी करंगळी कायमची आत वळली होती. चहाचा कप धरला तरी ती करंगळी तळहातात दडलेली.

पुढे मिलमध्ये संगणक आला आणि ट्रेसर लोक घरी गेले. हे गेले नाहीत. डिझाइन खात्याच्या दारात उभे राहून पाहत राहिले आणि पाहता पाहता शिकले. निवृत्त झाल्यावर डिंडोलीच्या दोन खोल्यांत त्यांनी एक जुना संगणक आणला आणि तो बायकोच्या शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवला. मशीन काढलं होतं, खालचं पायडल तसंच होतं. काम करताना त्यांचा पाय ते पायडल हलवत राही. पट्टा नाही, चाक नाही, काही शिवलं जात नाही, पण पाय चालू. मी एकदा म्हटलं, "पाय थांबवा, मला गरगरतं." ते म्हणाले, "पाय थांबला की हात थांबतो, बाई."

बायको वारली होती. भिंतीवर तिचा फोटो नव्हता. एक खिळा होता आणि खिळ्याला चंदनाचा हार अडकवलेला, मध्ये नुसती भिंत. तापीच्या पुरात अल्बमची पेटी गेली, एवढंच त्यांनी मला सांगितलं. मीही जास्त विचारलं नाही. खिळ्याला हार पाहून मला वाटलं होतं, विक्षिप्त माणूस आहे.

विक्षिप्त होतेच. माझ्याकडे ते पहिल्यांदा आले ते दुपारी दोन वाजता, मी नुकती आडवी झाले असताना. गळ्यात नाडीला बांधलेलं भिंग, हातात प्रिंटचा गठ्ठा. चपला दारात काढल्या आणि जाताना घालायला सोप्या पडाव्यात म्हणून उलट्या फिरवून ठेवल्या. म्हणाले, "तुम्ही इंग्रजीच्या बाई ना? मला चित्राखालचं वाचून द्या."

सुरत बंदराची जुनी चित्रं होती ती. परदेशातल्या संग्रहालयांनी आपल्याकडची चित्रं इंटरनेटवर कोणालाही घेता येतील अशी ठेवली आहेत. तिथून त्यांनी ती उतरवून घेतली होती. तापीतली जहाजं, किल्ला, जकातीचं घर, छत्रीखाली साहेब. मी एकेका चित्राखालचा मजकूर मराठीत सांगत होते आणि ते वहीत लिहीत होते. एका चित्रात साहेब, त्याचा घोडा आणि घोडा धरून उभा असलेला माणूस. मी वाचलं: साहेबाचं नाव, कंपनीतला हुद्दा, घोड्याचं नाव, आणि एक नेटिव्ह.

"घोड्याचं नाव आहे?"

"आहे."

"आणि हा धरणारा?"

"त्याचं नाही. नेटिव्ह. म्हणजे इथलाच कोणीतरी."

एरवी ते माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत. रागावले की अहिराणीवर येत. "घोडाना नाव शे, आनी माणूसना नही," ते म्हणाले. "बाई, हाई काय लिखणं शे?" मग गठ्ठा गोळा केला आणि चहा न घेता निघून गेले. मलाही त्या दिवशी खूप राग आला होता. शंभर माणसं ओझी वाहतात आणि खाली लिहायचं काय, तर नेटिव्ह. तो राग आठवणीत ठेवा, पुढे तो माझ्यावरच उलटणार आहे.

तर त्यांचं काम असं. त्या जुन्या चित्रांत ते आपली माणसं नेऊन बसवत. डिंडोली, बमरोली, पर्वत पाटिया, जिथून कोणी फोटो देईल तिथून आणत. फोटो घेताना त्यांचे प्रश्न ठरलेले. माणसाची उंची किती. उजव्या हाताचा की डाव्या. चालताना वाकून चालायचा का. एका सद्गृहस्थांनी वैतागून विचारलं, "अहो, वडील वारून वीस वर्षं झाली, त्यांची उंची काय करायची?" हे म्हणाले, "जहाजाच्या दारातून आत जायचं आहे त्यांना. डोकं आपटलं तर?"

त्यांचं आवडतं वाक्य होतं, "जोड दिसली की कारागीर मेला." दोन फोटो जिथे भेटतात ती रेघ दिसू नये म्हणून ते एका कानावर चार दिवस काढत. दुसरं, "लाल जपून." लाल रंग जास्त झाला की कापड ओरडतं, म्हणून लाल जिथे टाळताच येणार नाही तिथेच वापरायचा. आणि तिसरा नियम हातांचा. जुन्या फोटोत कडेला उभ्या असलेल्या माणसाचा हात बरेचदा कापला जातो. तुटक्या हाताचा माणूस ते चित्रात घेत नसत. पण दुसऱ्या कोणाचा हात आणून जोडायलाही तयार नसत. "हात घरातलाच पाहिजे." मग त्या घरी जायचं, मुलाचा, पुतणीचा, सुनेचा हात तशाच उजेडात धरायला लावायचा आणि फोटो काढायचा.

तुमच्या पणजीचा हात असाच माझा आहे. माझ्या सासूबाईंचा एकुलता एक बरा फोटो, त्यात त्यांचा डावा हात कडेला गेलेला. ट्रेसरनी मला आमच्या गॅलरीत पाऊण तास पितळी स्टोव्ह धरून उभं केलं. सासूबाईंनी हयातीत मला त्यांच्या स्टोव्हला हात लावू दिला नव्हता. चित्र झाल्यावर पाहिलं तर त्यांच्या मनगटावर माझं घड्याळ. मी म्हटलं, "अहो, त्यांनी जन्मात घड्याळ घातलं नाही. ते काढा."

"राहू द्या," ते म्हणाले. "सून कशी वेळेवर सगळं करते, कळू द्या त्यांना."

आता मंडळाचं. आमच्या भागातल्या मराठी मंडळाला पन्नास वर्षं होत होती. मी चिटणीस. हॉलच्या मोठ्या भिंतीवर ट्रेसरच्या हातचं चित्र लावावं, अशी सूचना मीच मांडली आणि ती एकमताने मंजूर झाली. सभासदांनी फोटो आणून दिले. प्रत्येक फोटोला मी क्रमांक दिला, पोच दिली, यादी केली. कोण, कुठून आले, कोणाकडून फोटो मिळाला. यादीचं काम मला आवडतं, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या खेळण्यांचीही मी यादी केली होती.

ट्रेसरना पाच महिने लागले. चित्र झालं आणि ते पाहून मी खुर्चीत बसले. जुनं सुरत बंदर, नदीत जहाजं, आणि जहाजांच्या मधोमध, पाण्यातच, भुसावळकडून आलेल्या पॅसेंजरचा डबा उभा. त्यातून आपली माणसं उतरताहेत. ट्रंक, वळकटी, स्टोव्ह. बँकेतले, शाळेतले, टपाल खात्यातले, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून लूमवरचे, मिलमधले. छत्रीवाले साहेब लांब किनाऱ्यावर, नखाएवढे. "ते लांब आहेत, म्हणून लहान," ट्रेसर म्हणाले. "आकस नाही माझा."

एकूण आठ रंग. लाल फक्त दोन ठिकाणी. बायकांच्या कपाळावर आणि एका झेंड्यात.

झेंडा होता एका बाईच्या हातात. कुठल्या तरी मिलच्या संपातला फोटो, जुन्या वर्तमानपत्रात आलेला. ट्रेसरनी तो शहरातल्या एका ग्रंथालयात बांधून ठेवलेल्या जुन्या अंकांमधून शोधून काढला होता. मूळ फोटो काळा-पांढरा, रंग त्यांनी भरलेले. वाऱ्याने झेंड्याचं टोक उडून त्या बाईच्या कपाळावर आलेलं. चित्रात तिच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. तो कोणी आणून दिलेला नसल्यामुळे त्याला क्रमांक नव्हता. मी यादीच्या शेवटी नोंद केली: "जुन्या वर्तमानपत्रातून. अनोळखी स्त्री." ट्रेसरनी ती यादी वाचली, भिंगाने वाचली, आणि घडी घालून परत दिली.

कार्यकारिणीला चित्र दाखवलं. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. त्यांनी सगळं पाहिलं, स्वतःच्या वडिलांना शोधून काढलं, खूश झाले. मग बोट झेंड्यावर थांबलं.

"हे कशाला? हे मंडळ आहे, मोर्चा नाही."

खजिनदार म्हणाले, "आणि पाहुणे मिलमालक आहेत. हॉलचे पंखे त्यांनी दिलेत. त्यांच्याच पंख्याखाली त्यांना झेंडा दाखवायचा?"

"पंखे फिरायचे थांबणार आहेत का?" ट्रेसरनी विचारलं.

"अहो, विनोद नको," अध्यक्ष म्हणाले. "एवढा झेंडा काढून टाका, बाकी उत्तम आहे."

"झेंडा निघत नाही."

"निघत नाही म्हणजे? संगणकावर काय निघत नाही? माझा जावई फोटोतून आख्खा माणूस काढतो."

"त्यांच्या जावयाला जमत असेल. मला निघत नाही," एवढं माझ्याकडे पाहून म्हणाले आणि चपला घालून गेले.

इथून पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे. अध्यक्षांनी माझ्याकडे चित्राची फाइल मागितली. मूळ पेनड्राइव्ह माझ्या कपाटात, त्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी: 'मूळ प्रत, हात लावू नये.' मी त्याची नक्कल करून दिली. का मागता, असं विचारलं नाही. अध्यक्षांना मंडळाची कागदपत्रं पाहण्याचा अधिकार आहे, असं नियमात लिहिलेलं आहे, आणि मी नियमाने वागले. नियमाने वागून माणूस किती वाईट वागू शकतो, हे तुम्हाला कोणी शाळेत शिकवणार नाही.

फाइल गेली एका फ्लेक्स छापणाऱ्याकडे. त्याला सांगितलं, झेंडा काढ. त्याने फाइल उघडली. हल्लीची माणसं असं चित्र करताना प्रत्येक माणूस वेगळ्या थरावर ठेवतात. नको तो माणूस बंद केला की झालं. ट्रेसरनी सगळं मिलच्या पद्धतीने ठेवलेलं. माणसाचा थर नाही, रंगाचा थर. पिवळ्याचा एक, हिरव्याचा एक, लालचा एक. फ्लेक्सवाल्याने पाहिलं, झेंडा लाल थरात आहे. त्याने लाल थर बंद केला. झेंड्याच्या जागी पांढरं भोक पडलं, ते आभाळाने भरलं, आणि काम संपवलं.

कपाळावरचे ठिपके एवढेसे. त्यांच्याखाली अंगाचा रंग होताच. ते गेले ते कोणाला कळलं नाही. नमुना कार्यकारिणीच्या ग्रुपवर आला, फोनवर हाताच्या पंजाएवढा. एकापाठोपाठ एक सात अंगठे आले. आठवा माझा. चष्मा शेजारच्या खोलीत होता.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. टाळ्या पुढच्या रांगेत आधी थांबल्या. तिथे म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. चित्र चांगलं बारा फूट, आता सगळं स्वच्छ दिसत होतं. एक आजी उठल्या, काठी टेकत चित्रापाशी गेल्या, स्वतःला शोधलं, आणि वळून सगळ्या हॉलला म्हणाल्या, "मना कपाये कुंकू कोनी पुसं? मना नवरा तठे बसेल शे. जित्ता शे."

नवरा तिसऱ्या रांगेत होता. तो बिचारा उभा राहिला, आपण जिवंत आहोत हे दिसावं म्हणून.

मग एकेक जण उठून आपली आई, आपली सासू शोधायला लागला. चौदा बायका चित्रात, चौदा कपाळं कोरी. रडणं, भांडणं, कोणी मोबाइलवर फोटो काढतंय. मी तुम्हाला माझं मत सांगून ठेवते. कुंकवावरून बाईचं मोल करणं मला मान्य नाही. तुमचे आजोबा गेले तरी मी टिकली लावते, ज्यांना बघवत नाही त्यांनी बघू नये. पण लावायचं की नाही हे ज्या कपाळाचं आहे त्या बाईने ठरवायचं. फ्लेक्स छापताना कोणी ठरवायचं नाही.

पाहुणे गोंधळून विचारत होते, "शुं थयुं?" कोणीतरी घाईघाईने सांगितलं, झेंडा काढायला गेलो आणि असं झालं. ते म्हणाले, "झंडामां शुं वांधो हतो?" झेंड्याला काय हरकत होती, म्हणून. त्यांना काही नव्हतं हो. हरकत सगळी आमच्या लोकांच्या पोटात होती.

अध्यक्षांनी माइक घेतला. म्हणाले, "कलाकाराकडून शेवटच्या क्षणी गंभीर चूक झालेली आहे. मंडळ त्याची चौकशी करील."

ट्रेसर भिंतीपाशी उभे होते. ते त्या झेंडेवाल्या बाईकडे पाहत होते. तिच्या हातात नुसती काठी, आणि अर्ध्या कपाळाच्या जागी आभाळ. मला वाटलं, जोड कशी दिसतेय ते तपासताहेत. मग ते माझ्याजवळ आले. हळू विचारलं, "बाई, लाल कोणी काढला?"

मला माहीत होतं. मी म्हटलं, "सभेत बोलू."

सभेत मी बोलले नाही, लिहिलं. इतिवृत्तात माझ्याच अक्षरात आहे: "तांत्रिक कारणामुळे चित्रात दोष आढळून आला. चित्रकारास समज देण्यात आली." उत्तम, नेटकं वाक्य. त्यात करणारा कोणीच नाही. फ्लेक्स उतरवला, गुंडाळून हॉलच्या मागच्या खोलीत टाकला. ट्रेसरना निरोप गेला की कुंकू परत लावून द्या, झेंडा सोडून. "एकेक ठिपका तर द्यायचा आहे," असा. त्यांनी उलट निरोप पाठवला, "लाल एकच आहे. येईल तर सगळा येईल." लोक म्हणाले, हट्टी. नंतर म्हणाले, सूड घेतला म्हाताऱ्याने. शेवटी डिंडोलीत त्यांना नवीन नाव पडलं, कुंकू पुसणारा.

दोन महिने ते माझ्याकडे आले नाहीत. मग मीच गेले. खुर्चीवर संगणक झाकलेला, टेबल रिकामं, पाय स्थिर.

"काम?" मी विचारलं.

"फोटो कोणी देत नाही. परवा एका घरी गेलो, पोराला सांगितलं आईला बोलाव. आतून आवाज आला, सांग, आमच्या घरात मेलेलं कोणी नाही."

मी भिंतीकडे पाहिलं. खिळ्याला आता फोटो होता. वर्तमानपत्रातला, दाणेदार, काचेत बसवलेला. संपातली ती बाई, हातात काठी, कपाळावर झेंड्याचं टोक. भोवती चंदनाचा हार.

मी चष्मा लावून जवळ गेले.

"संपावर नव्हती हो ती," ट्रेसर म्हणाले. "मला डबा द्यायला आली होती गेटवर. कोणीतरी म्हणालं, वहिनी, जरा धरा, चपलेचा अंगठा तुटला. तिने धरला. तेवढ्यात फोटोवाल्याने काढला. मला माहीतही नव्हतं. ग्रंथालयात जहाजं शोधायला गेलो आणि पान उलटलं तर ही."

"तुम्ही सांगितलं का नाही? एक शब्द बोलला असता तर—"

"तर काय? 'त्याच्या बायकोचा आहे, राहू द्या बिचाऱ्याचा.' असा झेंडा माले नको." अहिराणीवर आले म्हणजे रागावले होते. "आणि निघत नाही हे खोटं नव्हतं, बाई. त्या टोकाखाली तिचं कपाळ आहे. छापलेलंच नाही ते. झेंडा काढला तर खाली कपाळ कुठून आणू? ती सवाष्ण गेली. तिचं कुंकू ते टोकच."

घोडा धरणाऱ्याचं नाव नाही म्हणून तणतणलेली मी, आणि माझ्या सुवाच्य यादीत, माझ्या अक्षरात, अनोळखी स्त्री. त्यांनी ते भिंगाने वाचलं होतं आणि घडी घालून परत दिलं होतं.

वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि दुरुस्ती वाचली. फाइल कोणी मागितली, कोणी दिली, झेंडा काढायला कोणी सांगितलं, नमुना न पाहता कोणी कोणी अंगठे दिले, त्यात माझं नाव. अध्यक्ष म्हणाले, हे विषयपत्रिकेवर नाही. मी म्हटलं, चित्रकाराला दोष देणंही विषयपत्रिकेवर नव्हतं. खजिनदार म्हणाले, "बाई, जुनं कशाला उकरता? चहा थंड होतोय." मागून कोणीतरी "बसा, बसा" केलं. मी बसले नाही, सगळं वाचून संपवलं. ते इतिवृत्तात घेतलं नाही. मी चिटणीसपद सोडलं, आणि रजिस्टरं क्रमाने लावून, चिठ्ठ्या चिकटवून दिली, नाहीतर पुढच्याला सापडली नसती.

काहीच झालं नाही असं मात्र नाही. आठवड्याभराने त्या काठीवाल्या आजी, ज्यांचा नवरा हॉलमध्ये उभा राहिला होता, डिंडोलीत ट्रेसरच्या दारात गेल्या. बरोबर नवऱ्याचा फोटो. म्हणाल्या, "याले बी टाक कथं तरी. उंची पाच फूट चार. वाकीसन चालस." त्यांच्यामागून आणखी दोघी गेल्या. ट्रेसरचा पाय पुन्हा चालू लागला.

तुम्ही विचारलेले लाल ठिपके म्हणजे त्या चित्राचा फक्त लाल थर. ट्रेसरनी तो पारदर्शक फिल्मवर छापून मला आणून दिला, पूर्वी मिलमध्ये काढत तसा. "फ्लेक्स त्यांचा, लाल तुमच्याकडे राहू द्या," म्हणाले. तेरा ठिपके आणि एक झेंडा. डावीकडून चौथा ठिपका तुमच्या पणजीचा.

पुढे त्यांची नजर गेली, मुलीने त्यांना नंदुरबारला नेलं. मागच्या वर्षी तिचा फोन आला. बाबा गेले म्हणाली. मग विचारलं, "बाई, बाबांचा एखादा फोटो आहे का तुमच्याकडे? हजारो लोकांचे फोटो त्यांच्या संगणकात आहेत, त्यांचा एकही नाही."

माझ्याकडेही नव्हता. मला फार चीड आली, त्यांची, माझी, सगळ्या मंडळाची. इतक्या वर्षांत एकाच्याही मनात आलं नाही की या माणसाला म्हणावं, थांबा, तुमचा काढतो. मी कपाटातून मूळ पेनड्राइव्ह काढला आणि चित्र उघडलं, कुठे कोपऱ्यात तरी स्वतःला ठेवलं असेल म्हणून. यादी घेऊन बसले. एकेक क्रमांक, एकेक चेहरा. नव्हते. शेवटी उरली यादीतली शेवटची ओळ. ती मी फार पूर्वीच खोडून तिथे नाव लिहिलं होतं.

वर्तमानपत्रातल्या फोटोत, त्या खिळ्यावरच्या, तिचा डब्याचा हात मनगटाशीच कापलेला होता. तिथे पान संपत होतं. चित्रात तो पुरा आहे. डबा घट्ट धरलेला, बाईच्या मानाने थोडा मोठा हात, आणि करंगळी आत, तळहातात वळलेली. मी तो हात शंभर वेळा पाहिला होता. मी चेहरे तपासले होते, कपाळं मोजली होती.

मुलीला मी तेवढाच भाग छापून पाठवला. तिने तो आईच्या फोटोशेजारी लावला आहे.

तुम्हा दोघांना पूर्ण चित्र पाठवते आहे, आठही रंगांत. नातवा, तुझ्या त्या ॲपला तू सांगशील तसं बंदर ते काढील, जहाजं काढील, झेंडाही काढील, दहा सेकंदांत. फक्त डबा धरायचा झाला की त्याला विचार, हात कोणाच्या घरातला घेतलास.